शाळेच्या हिशेबाची माणसं

दिवाळी महिनाअखेरीला आली, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांच्या कार्यालयांत सहामाही परीक्षेपेक्षा मोठी धावपळ उडते. ‘या महिन्याचा पगार दिवाळीआधी’ असा शासनाचा आदेश निघतो आणि एक तारखेच्या बेतानं चाललेलं काम चार-पाच दिवसांवर येऊन ठेपतं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर एकच प्रश्न फिरतो: बिल गेलं का?

हा प्रश्न ज्यांना विचारला जातो, ती माणसं आपल्या शाळेच्या आठवणींत फारशी नसतात. वर्गशिक्षक आठवतात, घंटा देणारे शिपाईमामा आठवतात. कार्यालयाच्या खिडकीमागच्या बाई किंवा भाऊसाहेब फी आणि दाखल्यापुरते उरतात. पण शाळेचा लिपिक, पंचायत समितीतला लेखा सहायक, वेतन पथकाचा अधीक्षक, जिल्हा परिषदेचा लेखाधिकारी ही साखळी एका ठिकाणी तुटली, तर सरकारी पैशावर चालणारी शाळा महिन्याभरात अडते. हिशेबाचं काम हे शिक्षणाचंच काम आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि गेल्या वीसेक वर्षांत आपण हे काम वाढवत नेलं, ते करणारे हात मात्र कमी करत आणले.

ठाण्याहून कल्याणकडे जाताना लोकलच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या शाळा बाहेरून सारख्या वाटल्या, तरी त्यांच्या तिजोऱ्या वेगवेगळ्या आहेत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तिथल्या शिक्षकांचा पगार राज्य शासन देतं, वाटते जिल्हा परिषद. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ची, कल्याण-डोंबिवली त्यानंतर बरोबर एका वर्षाची. त्यांच्या प्राथमिक शाळा १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याच्या चौकटीतून आलेल्या. शिक्षण मंडळ आणि त्याचा प्रशासन अधिकारी ही त्या कायद्याची देणगी. मंडळं आता गेली, पण महापालिका शाळेतल्या शिक्षकाच्या पगाराचा निम्मा भार राज्यानं आणि निम्मा पालिकेनं उचलायचा, ही वाटणी राहिली. तिसरा प्रकार खासगी अनुदानित शाळांचा. डोंबिवलीचं स. वा. जोशी, कल्याणचा सुभेदारवाडा, ठाण्याचं मो. ह. ही नावं घेतली, की मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या डोळ्यांपुढे येतात. अशा शाळांत व्यवस्थापन संस्थेचं असतं आणि मान्य पदांचा पगार शासनाचा.

या तीन तिजोऱ्यांच्या सीमेवर काय होतं, ते पाहायचं तर डोंबिवलीच्या पूर्वेला निळजे, पिसवली, दावडीकडे जावं. १ जून २०१५ रोजी २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. रस्ता, पाणी, मालमत्ता कर महापालिकेचा झाला. शाळा मात्र जिल्हा परिषदेच्याच राहिल्या आणि हस्तांतराचा विषय वर्षानुवर्षं फायलींत फिरत राहिला. छप्पर गळायला लागलं तर अर्ज कुणाकडे करायचा, हा प्रश्न मुख्याध्यापकाला पडत राहिला. कौलं कोणत्या लेखाशीर्षातून बसवायची, हे ठरल्याशिवाय कौलं बसत नाहीत. पावसाळा काही त्यासाठी थांबत नाही.

पैसा कुठून येतो आणि कुणावर खर्च होतो, हा आपल्याकडच्या शिक्षणातला जुनाच वाद आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी तोच मांडला होता. महसूल भरणारी रयत एकीकडे, त्यातून निघणारा शिक्षणाचा खर्च वरच्या थरांच्या उच्च शिक्षणाकडे, ही विसंगती त्यांनी इंग्रज सरकारसमोर ठेवली आणि प्राथमिक शिक्षणावर भर मागितला. शाळेच्या जमाखर्चाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला तिथून मिळालेली आहे.

एक पगारबिल जवळून पाहू. अनुदानित माध्यमिक शाळेचा लिपिक महिन्याच्या मध्यालाच ‘शालार्थ’ ही ऑनलाइन वेतन प्रणाली उघडून बसतो. कुणी प्रसूती रजेवर आहे, कुणाची रजा अर्धपगारी झाली, कुणी निवड श्रेणीत गेलं, कुणाच्या पतपेढीच्या कर्जाचा हप्ता संपला, हे सगळं एकेका नावासमोर भरायचं. बहुतेकांची वार्षिक वेतनवाढ १ जुलैला, म्हणून जुलैचं बिल जड. महागाई भत्त्याचा दर वाढला, की थकबाकीचं वेगळं बिल. डोंबिवलीचा घरभाडे भत्ता मुंबईच्या दरानं, मुरबाडच्या आतल्या गावाचा सगळ्यांत खालच्या दरानं. मग कपाती: भविष्य निर्वाह निधी, गटविमा, प्राप्तिकर, व्यवसाय कर. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, पण वर्षाचे २,५०० भरायचे असल्यामुळे फेब्रुवारीत ३००. ते शंभर रुपये फेब्रुवारीत कापायचे राहिले, तर मार्चमध्ये चाळीस जणांना तोंड द्यावं लागतं. मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून बिल पुढे जातं ते वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाच्या अधीक्षकांकडे. सगळे त्याला ‘पे युनिट’च म्हणतात. तिथून कोषागार, कोषागारातून बँक. जिल्हा परिषद शाळांची वाट वेगळी: गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मग वित्त विभाग. सर्वांच्या मुळाशी अर्थसंकल्पातलं एकच प्रमुख लेखाशीर्ष, २२०२, सामान्य शिक्षण. त्यात तरतूद असेल तरच पुढचं सगळं.

ही प्रणाली जानेवारी २०१८मध्ये कोलमडली. तांत्रिक बिघाडानं ‘शालार्थ’ बंद पडलं आणि राज्यभरातल्या शाळांना पुन्हा कागदी बिलं करावी लागली, तीही कित्येक महिने. जुन्या लिपिकांनी कपाटातली रजिस्टरं काढली, कार्बन लावून पगारपत्रकं लिहिली, बेरजा हातानं केल्या. लाखो शिक्षकांचे पगार त्या काळात निघाले ते ज्यांना बिल मुळापासून करता येत होतं त्यांच्यामुळे. संगणक आला म्हणून हिशेब जाणणारा माणूस नको झाला, असं म्हणणाऱ्यांनी हे महिने आठवावेत.

उलट बाजूचंही बोललं पाहिजे. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं. नियमबाह्य नियुक्त्यांना आयडी देऊन सरकारी तिजोरीतून पगार काढले गेल्याचा आरोप झाला, अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमावं लागलं. मान्यता, थकबाकी, वैद्यकीय बिलं या फायली टेबलाटेबलावर का थांबतात, हे शिक्षकाला शिकवावं लागत नाही. या व्यवस्थेतला भ्रष्टाचार मला किरकोळ वाटत नाही. खोट्या नावानं निघालेला प्रत्येक पगार म्हणजे विनाअनुदानित तुकडीवर पाच-सात हजारांत राबणाऱ्या खऱ्या शिक्षकाच्या ताटातला घास आहे. म्हणूनच टेबलामागे बसणारा माणूस नीट निवडलेला, नीट शिकलेला आणि पुरेशा संख्येनं हवा. जिथं पाच जणांचं काम एकाकडे असतं, तिथं तपासणी नावापुरती होते आणि चुकीला व लबाडीला सारखीच वाट मिळते.

पगारबिल महिन्याचं असतं, सेवापुस्तक आयुष्याचं. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढे प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा, प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती, वेतन पडताळणी पथकाचा शिक्का. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६पासून लागू, पण निर्णय २०१९ साली झाला. मधल्या तीन वर्षांचा फरक प्रत्येक शिक्षकागणिक काढायचा आणि पाच हप्त्यांत विभागायचा. हे ज्यांनी केलं त्यांना त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी नव्हती. सेवापुस्तकातली चूक वीस-वीस वर्षं गप्प बसते. १९९८ साली एखादी वेतनवाढ वर्षभर आधी लागली असेल, तर ती सापडते निवृत्तीच्या उंबरठ्यावर, ‘अतिप्रदान वसुली’ या नावानं. ज्या बाईंनी बत्तीस वर्षं फळ्यापुढे काढली, त्यांच्या उपदानातून रक्कम वळती होते. चूक कुणाची होती हे त्यांना कधी कळत नाही.

अशा फायली घेऊन डोंबिवली-कल्याणचे लिपिक सकाळची फास्ट पकडतात. दादरला उतरून पश्चिम रेल्वे. मुंबई विभागाच्या शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय चर्नी रोडला जवाहर बालभवनात, निवृत्तिवेतनाचं प्रकरण जातं महालेखापालांकडे चर्चगेटला. फायलीत त्रुटी निघाली, की तीच वाट पुन्हा. त्यात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. त्या दिवसापासून नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पण आधी नेमलेले आणि ज्यांची शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली, त्यांचं काय, यावर न्यायालयांत आणि मोर्चांत वर्षं गेली. जुन्या पेन्शनऐवजी आलेल्या अंशदायी योजनेतल्या कपातींच्या पावत्या जुळवणं हे तर स्वतंत्र काम झालं. शिक्षकाच्या हक्काची लढाई रस्त्यावर दिसते. तिचे पुरावे मात्र एखाद्या लिपिकानं २००६ साली नीट लावून ठेवलेल्या फाइलीत असतात.

निदान या शाळांत लिपिक आहे. आता लोकलनं आसनगावला किंवा एसटीनं मुरबाडला जाऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ एवढ्या पाच पंचायत समित्या उरल्या. समजा, यातल्या एखाद्या पाड्यावर पहिली ते चौथीची शाळा आहे. पट २८, शिक्षक दोन. लिपिक नाही, शिपाई नाही. समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार ३०पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला साडेसातशे. खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, बदललेला नळ, शैक्षणिक साहित्य, इंटरनेटचा रिचार्ज, सगळं यात बसवायचं. पट ३१ झाला की रक्कम एकदम २५,००० होते. पाड्यावरची तीन कुटुंबं स्थलांतर करून गेली, तर शाळेचं बजेट निम्म्याहून खाली येतं.

रक्कम छोटी, पण तिचा हिशेब मोठ्या शाळेइतकाच. कॅशबुक, व्हाउचर फाइल, जडवस्तू संग्रह नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, उपयोगिता प्रमाणपत्र. २०२१पासून योजनेचा पैसा शाळेच्या खात्यात येऊन पडत नाही. खात्यात शून्य शिल्लक, वर ठरलेली मर्यादा, आणि खर्च पीएफएमएस या केंद्र शासनाच्या प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यात. एकानं देयक तयार करायचं, दुसऱ्यानं तपासून मान्य करायचं, छापील आदेश सह्या करून बँकेत न्यायचा. पारदर्शकतेसाठी हे चांगलं आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण बाजाराच्या गावी दोन झाडू आणि फिनेल विकणाऱ्या दुकानदाराची नोंदणी करून त्याला ऑनलाइन पैसे पाठवायचे, तेही पाड्यावर रेंज नसताना, हे काम पहिली-दुसरीच्या वर्गाला वाचन देऊन करावं लागतं. मार्चमध्ये तर हद्द होते. निधीची मर्यादा उशिरा खुली होते आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा असतो.

त्यात रोजचं पोषण आहाराचं रजिस्टर. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. आज २८पैकी २४ हजर, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ शिजला. डाळ, तेल, मीठ, मसाला त्याच हिशेबानं. सुरुवातीची शिल्लक, आजचा खर्च, अखेरची शिल्लक, आणि दुपारच्या आत ऑनलाइन नोंद. पोत्यात तांदूळ नोंदीपेक्षा दोन किलो कमी भरला, तर खुलासा मुख्याध्यापकाचा. उंदरानं खाल्ला हे खरं असलं, तरी लेखापरीक्षणात उंदराला रकाना नसतो.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप वर्षांनी येतात. तोवर गुरुजींची बदली होऊन ते दुसऱ्या तालुक्यात असतात. जुन्या शाळेचं एक व्हाउचर सापडत नाही म्हणून भिवंडीतून शहापूरला फेऱ्या मारणारे शिक्षक या जिल्ह्यात थोडे नाहीत. ज्यांना जमाखर्चाचं एका दिवसाचंही प्रशिक्षण मिळालेलं नाही, त्यांच्याकडून आपण पूर्ण वेळच्या लेखापालाची शिस्त मागतो आणि चुकलं तर वसुली लावतो. हे अन्यायाचं आहे.

नोंद आणि शिक्षण यांचं नातं सगळ्यांत उघडं पडतं ते संच मान्यतेत. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं, आणि पटावर धरलं जातं ते आधार पडताळणी झालेलं मूल. नावातल्या एका वेलांटीच्या फरकानं, जन्मतारखेच्या घोळानं, अंगठा न उमटल्यानं पडताळणी अडते. भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं येतात, जूनच्या सुमाराला परततात. त्यांच्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, चांगली कल्पना आहे. तरी मूल एका शाळेच्या पटावर आणि प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेत, आणि आधार तिसऱ्याच गावच्या पत्त्याचा किंवा मुळीच नाही, अशी गत होते. कुणीतरी त्या आईबापांना घेऊन आधार केंद्रावर गेलं, तर मूल पटावर मोजलं जातं. असं सात-आठ मुलांचं राहिलं, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरून जातो. संच मान्यतेच्या मार्च २०२४च्या नव्या निकषांनंतर कमी पटाच्या शाळांत ही सात-आठ नावं जीवघेणी झाली आहेत. हे काम शिक्षकांनी करायचं की आणखी कुणी, याचं उत्तर शासनानं दिलेलं नाही. व्यवहारात ते शिक्षकच करतात, वर्ग सोडून.

अनुदानित शाळांकडे परत येऊ. तिथं शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं अडून राहिली. २८ जानेवारी २०१९ रोजी नवा आकृतिबंध आला, पदसंख्या पटाशी बांधली गेली. ११ डिसेंबर २०२० रोजी चतुर्थ श्रेणीची पदं व्यपगत करून त्याऐवजी शिपाई भत्ता ठरला: मुंबई-पुण्यात महिना १०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. ठाणे आणि डोंबिवली मधल्या रकान्यात. साडेसात हजारांत डोंबिवलीत पूर्ण दिवस राबणारा माणूस मिळत नाही, हे मंत्रालयात बसलेल्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. शिपाई गेला, की त्याची कामं लिपिकाकडे येतात: टपाल, बँक, झेरॉक्स, प्रवेशद्वार. लिपिक निवृत्त झाला, की त्याची कामं संगणक येणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे. हा उतार शेवटी वर्गातच येऊन थांबतो.

इतकं असूनही हे करिअर म्हणून पाहण्यासारखं क्षेत्र आहे आणि कल्याणच्या बिर्ला किंवा ठाण्याच्या जोशी-बेडेकर महाविद्यालयातून बी.कॉम. होऊन फोर्ट, बीकेसीकडे निघणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं. ऑगस्ट २०२३मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी १९,४६० पदांची जाहिरात काढली होती. तिच्यात कनिष्ठ सहायक (लेखा), वरिष्ठ सहायक (लेखा), कनिष्ठ लेखा अधिकारी ही पदं होती. सातव्या आयोगानुसार कनिष्ठ सहायकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००, वरिष्ठ सहायकाची २५,५०० ते ८१,१००, कनिष्ठ लेखा अधिकाऱ्याची ३५,४००पासून. वरून भत्ते. एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत गेलेला अधिकारी जिल्हा परिषदेचा मुख्य लेखा व वित्त अधिकारी होऊ शकतो. महाराष्ट्र शिक्षण सेवेच्या प्रशासन शाखेतून गटशिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी ही वाट आहे. मराठी आणि इंग्रजी टंकलेखन, लेखासंहिता, सेवाशर्तींची १९८१ची नियमावली, माध्यमिक शाळा संहिता आणि टॅली-एक्सेलची सवय, एवढी शिदोरी असली की सुरुवात होते. पुढचं शिकवतात ते जुने मुख्य लिपिक, शेजारच्या टेबलावरून.

इथंच आपण कमी पडतो. अमेरिकेत शाळांच्या वित्त आणि प्रशासनाचं काम करणाऱ्यांची व्यावसायिक संघटना १९१०पासून आहे, त्यांना प्रमाणपत्र परीक्षा आहेत. इंग्लंडमध्ये १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्यानं बजेटचे अधिकार शाळांकडे दिले आणि त्यापाठोपाठ शाळेत व्यवसाय व्यवस्थापक हे पद रुजलं. मुख्याध्यापकानं शिकवण्याकडे पाहावं, पैशाची जबाबदारी जाणत्या माणसानं वाहावी, असा तो विचार. आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या पदव्या आहेत, लेखाशास्त्राच्या आहेत. शाळेचं वित्त शिकवणारा अभ्यासक्रम ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातल्या एखाद्या महाविद्यालयानं सुरू केला, तर त्याला विद्यार्थी मिळतील आणि विषयही उसना आणावा लागणार नाही. सेवापुस्तक, संच मान्यता, पीएफएमएस, पोषण आहार, भविष्य निर्वाह निधी, माहिती अधिकाराचा अर्ज: एक वर्ष पुरणार नाही एवढा मजकूर आहे.

आणि लगेच करता येईल असंही काही आहे. साधारण दहा शाळांचं एक केंद्र असतं, त्यावर केंद्रप्रमुख असतो. प्रत्येक केंद्रशाळेत एक पूर्ण वेळ कनिष्ठ सहायक (लेखा) नेमावा. दहा शाळांची कॅशबुकं, पीएफएमएसची देयकं, पोषण आहाराच्या नोंदींची पडताळणी, ‘यूडायस’ या शाळांच्या माहिती प्रणालीची आणि आधारची कामं त्यानं करावीत. आठवड्यातून एकदा पाड्यावर जावं, व्हाउचर गोळा करावं, तांदूळ मोजावा. त्याची सुरुवात १९,९०० मूळ वेतनावर. त्या बदल्यात दहा शाळांतल्या वीस शिक्षकांचे रोजचे निदान एक-दोन तास वर्गाला परत मिळतील, आणि तपासणी कागदावर न राहता गावात होईल. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपासून हे सुरू करता येईल. केंद्रशाळांत खोली आहे, संगणक आहे. जिल्हा परिषदेच्या येत्या अर्थसंकल्पात या पदांची मागणी सदस्यांनी आणि शिक्षक संघटनांनी मिळून लावून धरली पाहिजे, आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव करून ती पंचायत समितीकडे पाठवली पाहिजे.